वेसची डावी टाच

बेसबॉलच्या मैदानात फलंदाजीला उभ्या असलेल्या वेसची डावी टाच जमिनीला टेकते तो क्षण गेले तीन उन्हाळे थोडा थोडा अलीकडे सरकतो आहे. पूर्वी समोरच्याच्या हातातून चेंडू सुटायचा आणि मग, कसलीच घाई नसल्यासारखी, ही टाच खाली यायची. मध्ये एक फट असायची. ती डोळ्यांना दिसत नाही, पण एकाच माणसाला वर्षानुवर्षं तसं उभं राहताना पाहिलं असेल तर जाणवते. घरातल्या घड्याळाची टिकटिक बदलली की जाणवते तशी. आता टाच आधी टेकते आणि चेंडू नंतर सुटतो. याचा अर्थ एवढाच, की चेंडू पाहून मग हात हलवायला जो वेळ लागतो तो आता वेसजवळ उरलेला नाही. चेंडू कुठे येणार ते तो आधीच ठरवतो, पाय टाकून मोकळा होतो आणि वाट बघतो. कधीकधी चेंडू त्याने ठरवलेल्या जागी येतोही. मग तो पूर्वीसारखाच उंच, लांब, थेट कुंपणापलीकडे जातो आणि माझ्या मागच्या रांगेतलं कुणीतरी म्हणतं, बघा, अजून आहे म्हाताऱ्यात दम. मी मागे वळून बघत नाही.

रविवारी दुपारी मी तिसऱ्या बेसच्या मागे माझ्या नेहमीच्या जागेवर बसले होते. तिथून आमच्या संघाचं डगआउट, खेळाडूंच्या बाकांची ती खोलगट जागा, बरोबर समोर दिसतं. शेजारी माझे वडील होते, गुडघ्यावर शेंगदाण्यांची पिशवी, डोक्यावर संघाच्या दोन मालकांपूर्वीची जुनी टोपी. सहाव्या डावात एलीने, म्हणजे एलियेसर मोन्तासने, मारलेला एक चेंडू बॅटला निसटता लागून त्याच्याच घोट्यावर आदळला. तो एका पायावर नाचला, हसला, पुन्हा उभा राहिला, बाद झाला आणि परत आला. पुढच्या डावाला शॉर्टस्टॉपच्या, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या, त्याच्या जागी तो आला नाही, दुसराच कुणी आला. एवढंच झालं होतं. एखादा घोटा सुजू नये म्हणून त्यावर बर्फ ठेवतात. पण डगआउटमध्ये बाकाच्या अगदी टोकाला बसलेला वेस उठला, एलीपाशी गेला, त्याच्या मानेवर हात ठेवला आणि त्याला जवळ ओढून घेतलं. सोडलं नाही. घोट्याला चेंडू लागलेल्या माणसाला जितका वेळ धरतात त्याहून ते जास्त होतं. मला ते लगेच कळलं, आणि माझ्याबरोबर स्टेडियममधल्या सगळ्यांनाच कळलं, कारण जुलैच्या शेवटच्या दिवसांत, संघ आपसांत खेळाडू विकतात तेव्हा, या शहरातली माणसं खेळ बघत नाहीत, डगआउट बघतात. धडधाकट खेळाडूला मध्येच बाहेर बसवलं आणि बाकीच्यांनी त्याला मिठ्या मारल्या, तर त्याचा अर्थ एकच: वरच्या मजल्यावर फोन झाला, हा आता आपला नाही. वेसला बघून दुसरा उठला, मग तिसरा. रांग लागली. मोठ्या पडद्यावर कॅमेऱ्याने ते दाखवलं. माझ्या पुढची बाई तोंडावर हात धरून उभी राहिली.

"गेला," बाबा म्हणाले. "विकलं पोराला. अगं, बघतेस काय? गेला!"

मग सगळं स्टेडियम उभं राहिलं आणि टाळ्या वाजवायला लागलं. समोरचा चेंडू फेकणारा गोंधळून थांबला. एली डगआउटच्या पायरीवर आला, टोपी काढली आणि हलवली. त्याच्या चेहऱ्यावरून मला दिसत होतं की त्यालाही काही माहीत नाही. इतक्या लोकांना वाटतंय तर आपण विकले गेलो असू, असं त्यालाही वाटलं होतं. त्या वेळी मी सोडून सगळे एलीकडे बघत होते. मी वेसकडे बघत होते. तो मागे सावलीत उभा होता, आपले दोन्ही हात आपल्याच काखेत धरून, थंडीत उभा राहतो तसा. मला वाटलं, याला काहीतरी माहीत आहे. याने मला सांगितलेलं नाही. आणि त्याहीपेक्षा मला हे जाणवलं की ही गोष्ट, जी मला आमच्या न्याहारीच्या टेबलावर कळायला हवी होती, ती मी तीस हजार माणसांबरोबर त्यांच्याच क्षणी, त्यांच्याच पडद्यावर बघून ओळखली आहे.

संघाने त्या संध्याकाळी जाहीर केलं की एलीचा फक्त घोटा दुखावला आहे. कुणी विश्वास ठेवला नाही. विश्वास ठेवू नये अशीच ती बातमी होती, कारण ती खरी होती आणि तरीही खोटी होती.

घरी येताना वेसने गाडी सरोवराच्या बाजूने घेतली. लांबचा रस्ता. धान्याच्या त्या प्रचंड रिकाम्या कोठारांपाशी आलं की कारखान्यात ओट भाजल्याचा गोडसर वास गाडीत शिरतो. या वासात मी लहानाची मोठी झाले आणि आठवीत असताना मला त्याची लाज वाटायची. नंतर सात शहरांत राहिले. त्या शहरांना वासच नव्हते, किंवा वास ओळखीचा होईपर्यंत आम्ही तिथे टिकलो नाही. वेसची पहिली अदलाबदल झाली तेव्हा आमच्या लग्नाला वर्ष व्हायचं होतं. तो तेव्हा मोठ्या लीगमध्ये नव्हता. बसमधून उतरला तर व्यवस्थापकाने त्याची बॅग बाजूला काढून ठेवली होती. एवढाच निरोप. मी तेव्हा गोड्या पाण्यातल्या सूक्ष्म शेवाळावर प्रबंध लिहीत होते. प्रबंध खोक्यात गेला, खोकी गाडीत गेली, आणि कॅन्ससमधल्या कुठल्याशा पेट्रोल पंपावर वेस मला म्हणाला होता, "इरेना, एकदा माझं बस्तान बसू दे. मग तू म्हणशील तिथे." असं सगळेच म्हणतात. खेळाडूंच्या बायका एकमेकींना हे वाक्य चालीवर म्हणून दाखवतात आणि हसतात. पण वेसने ते खरं केलं. तो बफेलोला आला, इथे गाजला, आणि बत्तिसाव्या वर्षी, जेव्हा देशातल्या कुठल्याही संघाने त्याला डोळे मिटून घेतलं असतं, त्याने इथेच आठ वर्षांचा करार केला. माझ्या गावात. माझ्या वडिलांपासून चार गल्ल्यांवर. सही झाली त्या दिवशी बाबांनी पोलिश बाजारातल्या प्रत्येक दुकानदाराला फुकट जावई दाखवला होता. तेव्हा तो करार वेसचा मान होता. मान आणि ओझं या दोन्ही गोष्टी त्याच कागदावर, त्याच अक्षरांत लिहिलेल्या असतात. मधल्या काळात फक्त टाच थोडी अलीकडे सरकते.

स्वयंपाकघरात त्याने फ्रीज उघडला आणि काही न घेता तसाच उभा राहिला.

"प्रेस्टनचा फोन आला होता," तो म्हणाला. "सकाळी, तू अंघोळीला गेली होतीस तेव्हा."

प्रेस्टन कील म्हणजे आमच्या संघाचा सरव्यवस्थापक. वेसपेक्षा तीन वर्षांनी लहान, अत्यंत सभ्य, कधीही आवाज न चढवणारा.

"काय म्हणाला?"

"पोर्टलंड."

"तुला?"

"मला आणि एलीला." फ्रीजचा दिवा त्याच्या गालावर पडला होता. "त्यांना एली हवाय. मी त्याच्याबरोबर येतो. घर विकताना अट घालतात ना, की तळघरातला गंजका बॉयलरही तुम्हीच उचलायचा? तसं."

"दार लाव. दूध नासेल."

त्याने दार लावलं. "मालकाला माझा करार डोक्यावरून उतरवून हवाय. नुसता मला कोण घेणार? म्हणून वर एली. प्रेस्टन म्हणाला, वेस, खरं सांगतो, तुमच्या कराराचं ओझं नसतं तर मी या पोराला हात लावू दिला नसता. असं म्हणाला. फार चांगला माणूस आहे."

"आणि तिकडे तू खेळशील?"

तो हसला. "तिकडे माझ्या जागेवर, पहिल्या बेसवर, त्यांच्याकडे बावीस वर्षांचा बैल आहे. मला ते आठवडाभर ठेवतील. फोटो काढतील. मग एक दिवस साहेब दार लावून घेतील आणि म्हणतील, बसा."

मोठ्या लीगमध्ये ज्याची दहा वर्षं झाली, आणि त्यांतली शेवटची पाच एकाच संघात, त्याला त्याच्या मर्जीविरुद्ध कुठे धाडता येत नाही. त्याला विचारावं लागतं. वेसला विचारलं होतं. एलीला दोनच वर्षं झालेली. त्याला विचारायचा प्रश्नच नव्हता, त्याला कळवतात. म्हणजे वेस हो म्हणाला तर दोघं जाणार आणि नाही म्हणाला तर दोघं राहणार. एकाच्या तोंडात दोघांचा शब्द. मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता वर्षभरासाठी अदलाबदलीचं दार बंद होतं. प्रेस्टनला तीनपर्यंत उत्तर हवं होतं.

"तू काय म्हणालास?"

"म्हटलं, बायकोला विचारतो." आणि मग, माझ्याकडे न बघता, "तू सांगशील ते."

मी टेबल पुसायला घेतलं. ते स्वच्छ होतं. मला सांगायचं होतं ते या दोन्हींपैकी नव्हतं. तिसरंही एक आहे. सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी उच्चारत नाही. खेळाडू आपणहून थांबला, तर करार तिथेच संपतो. संघाच्या डोक्यावर काही राहत नाही, मालकाला एलीला देऊन टाकायचं कारण राहत नाही. पण मग उरलेल्या वर्षांचा एक डॉलरही थांबलेल्या माणसाला मिळत नाही. म्हणून करार बाकी असताना कुणीही थांबत नाही. गुडघे गेले, खांदा गेला, डोळे गेले तरी बाकावर बसून राहतात, संघ आपणहून काढून टाकेल त्या दिवसाची वाट बघतात, कारण काढलेल्याला सगळं मिळतं. यात लबाडी काही नाही. त्याने सही केली तशी त्यांनीही केली होती. थांबणाऱ्याला बाकीचे खेळाडू वेडा म्हणतात, थोडा गद्दारही. वेसचा एजंट तर म्हणतो, तो शब्द माझ्या ऑफिसात काढायचाच नाही, भिंती पातळ आहेत. आणि मी? मी गोड्या पाण्याची शास्त्रज्ञ आहे, दुसऱ्याच्या हातापायांबद्दल मत देणं हे माझं काम नव्हे. पहिल्या उन्हाळ्यात, टाच नुकतीच सरकायला लागली होती तेव्हा, एकदा अंगणात तो नुसत्याच हवेत बॅट फिरवत होता आणि मी पायरीवरून बघत होते. त्याने विचारलं, "काय बघतेस?" मी म्हटलं, "काही नाही." त्याने पुन्हा विचारलं नाही. तेव्हापासून ते "काही नाही" आमच्या दोघांमध्ये, दोघांनी मिळून सांभाळलेलं, तसंच आहे.

सोमवारी मी बोटीवर गेले. सरोवर सपाट होतं. आम्ही पाण्याची पारदर्शकता मोजतो ती अजूनही जुन्याच पद्धतीने: काळ्यापांढऱ्या चतकोरांची एक थाळी दोरीला बांधून खाली सोडायची, ती दिसेनाशी होते तिथे खूण करायची, मग थोडी वर ओढायची, पुन्हा दिसायला लागते तिथे खूण करायची, या दोहोंच्या मधली जागा खरी धरायची. दिसेनाशी होणं आणि पुन्हा दिसणं कधीच एका जागी होत नाही. बफेलोतल्या आमच्या पहिल्या वर्षी वेस हौसेने माझ्याबरोबर आला होता. मला थाळी दिसेनाशी झाली, बोट चालवणाऱ्या गसला झाली, आणि वेस काठावर वाकून म्हणत राहिला, "दिसतेय की. अजून दिसतेय. सोडा, सोडा, अजून दिसतेय." गस म्हणाला होता, "बाईसाहेब, याला घरी ठेवा, नाहीतर सरोवर स्वच्छ झालंय असं सरकारला कळवावं लागेल." आम्ही किती हसलो होतो. मागच्या शरदात तो पुन्हा आला. वाकून बघत होता. "गेली," तो म्हणाला. मला अजून दिसत होती, फिकट, हिरवट, पण चतकोर वेगळे कळण्याइतकी. मी दोरी सोडत राहिले नाही. "हो, गेली," मी म्हटलं, आणि माझी खूण मनात ठेवली.

या सोमवारी मी थाळी सोडली आणि ती कुठे नाहीशी झाली ते माझ्या लक्षातच आलं नाही. दोरी हातातून जात राहिली. गसने इंजिन बंद करून माझ्याकडे बघितलं. "नवऱ्याला म्हणावं, नाही म्हण," तो म्हणाला. त्याला कुणी सांगितलं होतं कुणास ठाऊक. तोवर सगळ्या शहराला कळलं होतं. "आमचं पोरगं तेवढं राहू दे. नवऱ्याचं काही नाही हो, त्याला आम्ही शिव्या घालतो, पण त्यात राग नसतो." मी दोरी वर ओढली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. त्याच्या म्हणण्यात वावगं काही नव्हतं. गेले दोन उन्हाळे वेस फलंदाजीला आला की एक विशिष्ट आवाज उठतो, हुर्योही नव्हे, एक लांब कंटाळलेला सुस्कारा, हजारो माणसांचा मिळून एक. वेस घरी आल्यावर म्हणतो, आज वारा सरोवराकडून होता.

मंगळवारी दुपारी बाबा पियेरोगी, म्हणजे आमच्या पोलिश उकडलेल्या करंज्या, घेऊन आले, चीजच्या, त्यांनी स्वतः लाटलेल्या, जाड कडांच्या. पाठोपाठ एली आला. घोट्याला पट्टी होती, पण तो लंगडत नव्हता. मोठ्या लीगमधलं त्याचं पहिलं वर्ष तो आमच्या तळघरात राहिला होता. बानीहून, बर्फ कधी न पडणाऱ्या गावाहून, आलेला, कानापर्यंत टोपी ओढलेला, हिटरपाशी बसून आईला व्हिडिओवर बर्फ दाखवणारा. मला अजून "दोन्या इरेना" म्हणतो, त्यांच्याकडे मोठ्या बाईला म्हणतात तसं, आणि उंबऱ्यात बूट काढतो. वेसला मात्र पहिल्या दिवसापासून म्हातारा. चेंडूची शिवण हातातून सुटतानाच कशी ओळखायची ते वेसने त्याला आमच्या अंगणात शिकवलं, संत्र्यांवर पेनने रेषा काढून. तेव्हा वेसला त्या रेषा दिसत होत्या.

"स्टेडियमच्या गेटपाशी मेणबत्त्या लावल्यात," बाबा म्हणाले. "फुलं ठेवलीत. एकीने अस्वल ठेवलंय, त्याला तुझा शर्ट घातलाय."

"मी जिवंत आहे ना पण?" एली म्हणाला.

"बफेलोत तेवढ्याने भागत नाही, बाळा."

एली एवढा हसला की त्याला ठसका लागला. वेसही हसला. तव्यावर लोणी सोडून तो पियेरोगी उलटत होता. बाबा त्याच्याकडे वळले.

"काल बारमध्ये एकजण मला म्हणतो, तो वेस ओडम तुमचा जावई ना? मी म्हटलं, कोण ओडम?"

"मग?"

"मग काय, त्याने मला बिअर पाजली."

"म्हणजे मी अजून उपयोगाचा आहे."

"आहेस ना. नाकारायला माणूस लागतोच की." बाबांनी हे म्हणताना त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तिथेच राहू दिला. मग ते बशी घेऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

एली टेबलाशी बसून खात होता. तो बावीस-तेवीस वर्षांची माणसं खातात तसा खातो, जेवणाशी शर्यत लावल्यासारखा. "पोर्टलंडला पाऊस असतो म्हणे, बर्फ नाही," तो म्हणाला. "आईला सांगितलं तर तिने मेणबत्ती लावली. तिने पण! पण तिची आनंदाची." त्याने वेसकडे बघितलं, मग माझ्याकडे. "लोक रडतात, मला कसंतरी होतं. पण खरं सांगू, दोन्या इरेना? रविवारी मला वाटलं की मला एकट्याला विकलं. मग प्रेस्टनने सांगितलं, म्हातारा पण बरोबर आहे. तेव्हा बरं वाटलं. ए म्हाताऱ्या, तू हो म्हणणार ना? तिकडे चांगला संघ आहे, ऑक्टोबरमधल्या अंतिम फेऱ्या खेळायला मिळतील. तुला बोटात अंगठी हवी होती ना जिंकल्याची? घर घ्याल ते तळघरवालं घ्या. मी राहीन. भाडं देईन आता."

वेसने पियेरोगी त्याच्या बशीत वाढल्या. "तिकडे तळघरं नसतात," तो म्हणाला. "जमीन ओली आहे."

"मग माळा."

"माळ्यावर तुझं डोकं लागेल."

"वाकेन."

मी बेसिनकडे तोंड करून उभी होते. त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं. तो जिथे जाणार होता तिथे वेस नसणार होता. असला तर आठवडाभर. ज्याच्याबरोबर जातोय म्हणून त्याला बरं वाटत होतं ती व्यक्ती म्हणजे त्याच्यावर लादलेलं वजन होतं, आणि त्या वजनामुळेच तो जात होता. हे एवढं उघड होतं की ते न दिसायला माणूस तेवीस वर्षांचाच असावा लागतो. आणि सांगून तरी काय? त्याचा शब्द कुणाला नकोच होता. वेस हो म्हणाला तर हा पोरगा ओल्या परक्या गावात एका सकाळी उठेल आणि शेजारचं कपाट रिकामं दिसेल. नाही म्हणाला तर शहर हुश्श करेल, मेणबत्त्या विझवेल, आणि वेस बाकाच्या टोकाला बसून तो सुस्कारा ऐकत राहील. हिवाळ्यात त्याला काढून टाकतील आणि त्याचे पैसे मोजावे लागतात म्हणून एलीला तेव्हा विकतील, याहून स्वस्तात. आणि थांबला तर? तर एली आज जाणार नाही. आज. पुढच्या वर्षी मालकाला दुसरं काही कारण सापडेल, मालकांना कारणं सापडतात. एलीला मात्र कायम वाटत राहील की म्हाताऱ्याने माझ्याबरोबर यायचं टाळलं. मी या तिन्ही रस्त्यांवर पुन्हा पुन्हा शेवटपर्यंत जाऊन येत होते आणि दर वेळी या बेसिनपाशी, या थंड पाण्यात हात घालून उभी असायचे. मला राहायचं होतं, हेही त्यात होतं. मला माझं सरोवर हवं होतं. माझ्या मनातल्या वाक्यात माझा स्वार्थ किती आणि वेसची टाच किती, हे मला वेगळं काढता येत नव्हतं. सगळं एकाच पाण्यात होतं. म्हणून मी बोलत नव्हते. मी बोलले असते तर तो थांबला असता. माझ्यासाठी थांबला असता, आणि आयुष्यभर ते माझ्यासाठी झालं असतं.

एली बाबांपाशी ओट्यावर गेला. खिडकी उघडी होती. बाबा त्याला जुन्या स्टेडियमची कुठलीतरी गोष्ट सांगत होते, ज्यात एक बकरी मैदानात शिरते. ती त्यांनी वेसला सांगितली होती, वेसच्या आधी मला.

फोन वाजला. वेसचे हात लोण्याने माखले होते. त्याने करंगळीने बटण दाबलं आणि फोन शेगडीशेजारी पीठ सांडलं होतं तिथेच राहू दिला.

"वेस," प्रेस्टनचा आवाज आला, सभ्य, थोडा दमलेला. "सॉरी हं, जेवणाच्या वेळी. पोर्टलंडची माणसं दुसऱ्या फोनवर आहेत. तुमच्यावर दडपण आणायचं नाही मला, खरंच नाही. पण मला आता हो किंवा नाही, एवढंच हवंय."

वेसने गॅस बंद केला. तव्यावर लोणी थोडा वेळ बोलत राहिलं, मग गप्प झालं. त्याने हात पुसले, एकेक बोट, बॅट धरण्याआधी पुसायचा तसे. मग माझ्याकडे वळला.

"इरेना. टाच."

"काय?"

"माझी टाच. तू बघतेस ती. कधी टेकते?"

फोनमधून प्रेस्टन म्हणाला, "वेस? ऐकू येतंय का?"

मला वाटलं होतं की हा प्रश्न कधी आला तर माझ्याकडे उत्तर तयार असेल, नीट, मोजलेलं, दोन्ही बाजूंनी तपासलेलं. मी हात पाण्यातून बाहेर काढले. बाहेर बकरी मैदानात शिरली होती आणि एली हसत होता.

"आधी," मी म्हणाले.

"चेंडू सुटायच्या आधी?"

"हो."

"कधीपासून?"

"हा तिसरा उन्हाळा."

त्याने मान हलवली. आश्चर्य नव्हतं, रागही नव्हता. डॉक्टर जे सांगतात ते आपण पाकीट उघडून आधीच वाचलेलं असतं, तरी त्यांच्या तोंडून ऐकायला थांबतो, तशी त्याने ती मान हलवली. मग माझा ओला हात हातात घेतला. त्याच्या तळव्यावरचे बॅटचे घट्टे माझ्या बोटांना लागले, नेहमीच्याच जागी. आणि फोनकडे वाकून, फार मोठ्याने नाही, पण खिडकीबाहेरचं हसणं थांबेल इतक्या स्पष्ट आवाजात तो म्हणाला,

"प्रेस्टन, हो नाही आणि नाहीही नाही. मी थांबतोय. आजपासून मी खेळत नाही."